मोलकऱ्याचा अर्ज

उधळ्या पुत्राचा दाखला उपवासकाळात आपण नेहमी ऐकतो. त्यावर प्रवचन करणे सोपे वाटते, आणि म्हणूनच ते बहुधा फसते. संत लूकने त्यात एक बारीक गोष्ट टिपून ठेवली आहे. मुलगा घराकडे निघतो तो क्षमेच्या आशेने नव्हे. वाटेने तो मनाशी एक अर्ज जुळवीत असतो: पुत्र म्हणवून घेण्याची आपली योग्यता उरली नाही, तेव्हा आपल्याला मोलकऱ्यांत ठेवून घ्यावे. बापाचा नकार सोसवणार नाही म्हणून त्याने आधीच स्वतःला नाकारून टाकले आहे.

मूळ ग्रीकमध्ये मोलकऱ्यासाठी ‘मिस्थिओस’ असा शब्द आहे. पुण्याच्या पेपल सेमिनरीत तो आम्ही पाठ केला होता. घरातील दासाला निदान घर तरी असे; मिस्थिओसचे नाते मजुरी हातात पडताच संपे. या शब्दाचा अर्थ मला खऱ्या अर्थाने समजला तो मात्र चाकणच्या रस्त्यावर.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात टेल्को व बजाज आल्या. त्या काळी गोवा, मंगळूर, केरळ व नगरकडून आलेली आपली पुष्कळ माणसे कारखान्यांत कायम झाली, त्यांनी घरे बांधली आणि येथील धर्मग्रामे उभी केली. आज चाकणला उतरणारा तरुण बहुधा कंत्राटदाराच्या यादीतला असतो. अनेकांना २४० दिवस भरण्याच्या आत ‘ब्रेक’ मिळतो. मग पुन्हा नवा कंत्राटदार, नवे कार्ड. ‘आपण येथले नाही’ ही गोष्ट त्याला वर्षातून एकदा तरी नव्याने ऐकावी लागते.

असाच एक तरुण मुलाच्या स्नानसंस्कारासाठी माझ्याकडे आला. नगर जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. दर रविवारी तो हातात हेल्मेट धरून मागच्या दाराशी उभा असे; बाके रिकामी असली तरी बसत नसे. त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एकेक कागद माझ्या टेबलावर मांडला: स्वतःचा स्नानसंस्काराचा दाखला, लग्नाचा दाखला, गावच्या फादरांची चिठ्ठी, आधार कार्ड, खोलीचा भाडेकरार आणि शेवटी कंपनीचा गेटपास.

“फादर, अजून काही लागत असेल तर गावाकडून मागवून घेतो,” तो म्हणाला.

त्याच्या भयाला आधार नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने सवलतींचे दार हिंदू दलितांपुरतेच उघडले. पुढे ते १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना उघडले. ख्रिस्ती झालेल्यांना ते बंदच राहिले. आणि ख्रिस्तसभेच्या आतही जात शिल्लक आहे, हे भारतातील कॅथलिक महागुरूंनी २०१६ च्या दलितविषयक धोरणात स्वतःच मान्य केले. सरकारदरबारी ख्रिस्ती आणि ख्रिस्ती बाकावर दलित, असे दोन्हीकडून ढकलले गेलेले घराणे दाराशी उभे राहायलाच शिकते.

येथे मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंकडून हे एक घेण्यासारखे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत स्नानसंस्कार घेतला, तोही पत्नीला न कळवता. दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हा सोवळे-ओवळे त्यांच्याबरोबरच आले. घरात येण्यासाठी टिळकांनी त्यांना आधी बदलायला लावले नाही. जातिभेद माणसानेच निर्मिला आहे हे त्यांना आपल्याच विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांनीही स्नानसंस्कार घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणालाही हा क्रम दिसेल: घर आधी, बदल नंतर.

दाखल्यातील बापही असाच. मुलगा अर्ज म्हणू लागतो, पण मोलकऱ्याचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. बाप मध्येच अंगठी व झगा मागवतो. पंचाईत होते ती थोरल्याची. ‘हा तुमचा मुलगा’ असे तो बापाला म्हणतो. बाप त्याला उत्तर देतो, ‘हा तुझा भाऊ’. थोरला मेजवानीला आत गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही.

मी दोन दाखले ठेवून घेतले व बाकीचे कागद परत दिले. गेटपास त्याने लगेच खिशात घातला. धर्मपिता कोण, असे विचारले तेव्हा त्याला उत्तर सुचेना; येथे त्याचे कोणी नव्हते. बाहेर बाकावर एक निवृत्त गोवेकर गृहस्थ मिस्साच्या अर्पणाविषयी बोलायला थांबले होते. त्यांना मराठी जेमतेम येते. त्यांनी आत डोकावून विचारले, “फादर, मी चालेन काय?”

स्नानसंस्कार पुढच्या रविवारी झाला. दुपारच्या पाळीला पोहोचायचे म्हणून तरुण घाईत होता. बाळ धर्मपित्याच्या कडेवर झोपले होते.