काचेचा अखत्यार

कारखान्यातील यंत्रासाठी टचस्क्रीन निवडण्याचा प्रसंग आला म्हणजे मालकाच्या टेबलावर बहुधा प्रथम इंचांची चर्चा सुरू होते, मग रंगांची, मग किमतीची. आणि या तिन्ही चर्चा आटोपून चहाचे कप रिकामे झाल्यावर, ज्याच्या बोटांनी तो पडदा रोज दाबला जायचा त्या कामगाराचे हात कामाच्या वेळी कोणत्या अवस्थेत असतात हा प्रश्न, विचारला गेलाच तर, उठता उठता विचारला जातो. जुळे सोलापुरात घर करून, कधी अक्कलकोट रोडच्या तर कधी चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल बसवीत फिरण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला हा क्रम नेमका उलटा असावा असे वाटते.

हातांचे प्रकार आमच्या गावी पुष्कळ आहेत. टॉवेल-चादरींच्या मागावरच्या हाताला कापसाचे तंतू आणि वंगणतेल यांचा लेप असतो. सायझिंगच्या यंत्रापाशी खळीचा चिकटा आणि वाफेचा ओलावा असतो. सूत रंगविण्याच्या डाइंगमध्ये कोरडा हात क्वचितच सापडतो. आणि लेथ, ग्राइंडर, हायड्रॉलिक प्रेस यांच्या वर्कशॉपात कुलंट, लोखंडाचा बुरा व हातमोजे यांचा अंमल असतो. आता पडद्यांच्या जाती मुख्यतः दोन. रेझिस्टिव्ह म्हणून जी जात आहे तिच्यात काचेवर एक पातळ, लवचीक पापुद्रा किंचित अंतर राखून ताणलेला असतो, दोहोंच्या समोरासमोरच्या अंगांना विद्युद्वाहक लेप दिलेला असतो, आणि दाबामुळे पापुद्रा काचेला टेकला की त्या बिंदूपाशी मिळणाऱ्या व्होल्टेजवरून जागेचा हिशेब केला जातो. दुसऱ्या, म्हणजे कपॅसिटिव्ह जातीत दाबाचा संबंधच नाही. काचेमागच्या सूक्ष्म विद्युत्क्षेत्रात बोट आले की धारिता बदलते आणि तो बदल हेरला जातो. मोबाइलमुळे ही दुसरी जात घरोघरी पोचली व तिच्या गुळगुळीतपणाची अशी काही मोहिनी लोकांवर पडली, की रेझिस्टिव्ह पडदा दाखविला तर शेठजी तो एकदा दाबून पाहतात आणि काहीसे दुखावल्यासारखे म्हणतात, "हा जुना माल दिसतो."

माल जुना आहे खरा. परंतु तो हातमोज्यातून दाबला जातो, तेलकट बोटाने दाबला जातो, आणि पाण्याचा ओघळ वरून गेला तरी त्याला बोट समजत नाही. कपॅसिटिव्ह काचेवर कुलंटचा थर पसरला तर कधी स्पर्श उमटत नाही, कधी कोणी न केलेला स्पर्श उमटतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. रेझिस्टिव्हचा पापुद्रा झिजतो, आणि कामगार बोटाऐवजी स्क्रूड्रायव्हरचे टोक वापरू लागला (हा शिरस्ता मी अनेक कारखान्यांत पाहिला आहे व ताकीद देऊनही तो मोडलेला पाहिला नाही) म्हणजे 'स्टार्ट'च्या जागी पांढरट चट्टा उमटून काही काळाने तेथला स्पर्श बधिर होतो. काच मात्र असल्या मारहाणीला दाद देत नाही आणि पुसायलाही सोपी. म्हणून सायझिंग, डाइंग व ग्राइंडिंगसाठी मी निःसंकोच रेझिस्टिव्ह सुचवितो. जेथे हात कोरडे व उघडे असतात अशा तपासणीच्या किंवा पॅकिंगच्या यंत्रांना काच द्यायला माझी हरकत नाही.

हरकत नाही म्हणताना एक अट मात्र घालावी लागते, ती अर्थिंगची. मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह ज्या कपाटात बसलेले असतात तेथे विद्युत्-गोंगाट फार असतो, आणि अर्थिंग कच्चे असेल तर कपॅसिटिव्ह पडदा त्या गोंगाटालाही स्पर्श समजतो. अर्थिंगच्या खड्ड्यात ओलावा टिकावा म्हणून उन्हाळ्यात पाणी घालावे असे आम्ही प्रत्येक ठिकाणी सांगून येतो. पण ज्या शहरात घरच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तेथे कारखान्याच्या मागच्या भिंतीशी असलेल्या खड्ड्यात बादली रिकामी करण्याची इच्छा कोणाला होणार? तेव्हा वैशाखातल्या बिघाडांची रुजुवात करण्यास मी गेलो म्हणजे पडद्यापूर्वी खड्डा पाहतो.

त्याच वैशाखाचा दुसरा प्रताप उष्णतेचा. बहुतेक पडद्यांच्या माहितीपत्रकात ५० अंश सेल्सियसपर्यंतची मर्यादा लिहिलेली असते आणि ती वाचून मालक निश्चिंत होतात. परंतु सोलापुरात सावलीतला पारा ४२-४३ अंशांवर चढला असताना पत्र्याच्या शेडखाली, ड्राइव्ह आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या सहवासात, बंद कपाटाच्या आतली हवा ती मर्यादा सहज ओलांडते, आणि पडद्याचा जीव त्याच्या पाठीकडे असतो. पुढच्या बाजूचे संरक्षण आयपी-६५ आहे, म्हणजे धूळ आत शिरत नाही व पाण्याच्या फवाऱ्याला तो पुरून उरतो, हे खरे. पण ते अभय चौकटीभोवतीचे रबर नीट बसले असेल तर, आणि पुढच्याच अंगाला. मागच्या अंगाला कपाटाच्या फिल्टरमध्ये कापूस बसून पंखा कोंडला असेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. पडद्यामागच्या दिव्याचे आयुष्य ५०,००० तास लिहिलेले असते. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण तीन पाळ्यांच्या कारखान्यात वर्षाला ८,७६० तास भरतात आणि पावणेसहा वर्षांच्या आत तो प्रकाश निम्म्यावर येऊ शकतो. काम नसताना दिवा मंद होण्याची तजवीज बहुतेक पडद्यांत असते. ती चालू करण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात.

येथवरच्या गोष्टी माहितीपत्रकाच्या आधाराने कोणीही जुळवील. खरा विचार याच्या पुढे सुरू होतो. १८७७ साली सुरू झालेल्या आमच्या जुन्या गिरणीपासून आजच्या यंत्रमागापर्यंत या गावाच्या विणकराने एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या केली आहे : नजर कापडावर ठेवून, न पाहता, हात हँडलवर नेणे. हँडल कोठे आहे हे त्याच्या खांद्याला ठाऊक असते; ते ओढले गेले की नाही हे त्याच्या तळव्याला कळते. काचेला उंचवटा नाही, खटका नाही, प्रतिकार नाही. तिच्यावर बोट ठेवायचे तर नजर कापडावरून काढून तिच्याकडे न्यावी लागते, आणि जी गोष्ट बिघडत असल्यामुळे बटण दाबायचे असते तीच नेमकी त्या क्षणी दृष्टीआड होते. हा दोष कोणत्याही कंपनीचा नाही व अधिक पैसे मोजून तो दूर होत नाही.

या काचेची थोरवी आणि उणीव या दोन्ही गोष्टी यंत्रनियंत्रणात तिचा प्रवेश झाला तेव्हाच ओळखल्या गेल्या होत्या, हे मला मोठे उद्बोधक वाटते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत सुमारे ७ किलोमीटर परिघाचा एक कणत्वरक उभारला जात होता. तो १९७६ साली सुरू झाला. जुन्या रीतीने त्याच्या नियंत्रणकक्षात हजारो बटणे व मुठी बसवाव्या लागल्या असत्या. फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे या दोघांनी १९७३ च्या आपल्या अहवालात त्यावर जो तोडगा मांडला त्यात सोळा बटणे दाखविणारा कपॅसिटिव्ह स्पर्शपडदा होता. पण त्याच अहवालात, त्याच्या जोडीला, संगणकाशी जोडलेली एक फिरविण्याची मूठही होती. पडद्यावर काय चालवायचे ते निवडावे आणि मूठ फिरवून ते चालवावे, अशी ती विभागणी. पुढे पडद्याची कीर्ती जगभर झाली, मुठीला कोणी विचारले नाही.

माझ्या मते पडदा निवडणे म्हणजे प्रथम काचेला कोणता अखत्यार द्यायचा आणि कोणता द्यायचा नाही हे ठरविणे होय. पडदा हा उत्तम कारकून आहे : नोंदी ठेवील, आकडे मांडील, हुकूम योग्य खात्याकडे पोचवील; परंतु कोणाला तत्काळ थांबविण्याचा अधिकार कारकुनाच्या हाती कोणतेही शहाणे सरकार देत नाही. इमर्जन्सी स्टॉप हा पिवळ्या पार्श्वभूमीवरचा लाल, छत्रीसारखा, तळहाताने ठोकता येणारा खराखुरा स्विचच असला पाहिजे आणि त्याची तार पडदा व पीएलसी (यंत्र चालविणारा नियंत्रक संगणक) या दोघांनाही वगळून सुरक्षा रिलेतून कॉन्टॅक्टरपर्यंत गेली पाहिजे, याबद्दल मतभेदाला जागाच नाही. परंतु इंचिंगचे काय? येथे मी अनेक अनुभवी माणसांना फसलेले पाहिले आहे. बटण दाबून धरले तोवर यंत्र हळूहळू सरकावे आणि सोडले की थांबावे, ही इंचिंगची रीत. पडद्यावर ती केली म्हणजे बोट टेकताना 'चालू' असा निरोप केबलवरून पीएलसीकडे जातो आणि बोट उचलताना 'बंद' असा दुसरा निरोप जातो. या दोहोंच्या मधल्या क्षणी केबल निसटली, तर पहिला निरोप पोचलेला आणि दुसरा वाटेत हरवलेला, अशा स्थितीत यंत्र सरकतच राहते. पडदा जिवंत आहे की नाही याची पीएलसीने क्षणोक्षणी खातरजमा करावी आणि उत्तर न आल्यास सारे बंद करावे, असा बंदोबस्त प्रोग्रॅममध्ये करता येतो व तो मी करतोच. तथापि रोलरमध्ये बोटे घालून सूत ओवणाऱ्या माणसाच्या यंत्राला इंचिंगचे बटण मी लोखंडाच्या खोक्यातच देतो.

प्रेसची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत म्हणून दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, हा नियम. ही दोन बटणे पडद्यावरच काढून द्यावीत, म्हणजे तेवढाच खर्च वाचेल, असा प्रस्ताव माझ्यापुढे एकाहून अधिक वेळा आला आहे. साध्या रेझिस्टिव्ह पडद्याला दोन ठिकाणी एकदम स्पर्श झाला तर तो त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी एकच स्पर्श झाला असे समजतो. आणि त्या मधल्या जागी कोणते बटण काढलेले आहे यावर पुढचा अनर्थ अवलंबून राहतो.

अखत्याराची ही विभागणी चुकली म्हणजे काय होते याचा दाखला समुद्रावरचा आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका आणि एक तेलवाहू जहाज यांची टक्कर होऊन विनाशिकेवरचे दहा खलाशी मृत्युमुखी पडले. तिचे सुकाणू आणि दोन्ही पंख्यांचा वेग ही दोन्ही कामे स्पर्शपडद्यावर होती. कोणत्या स्थानकाकडे कशाचा ताबा आहे याचा गोंधळ झाला, आणि वेग कमी करताना दोन पंख्यांपैकी एकाचाच कमी झाला, हे काही क्षण कोणाच्या ध्यानात आले नाही. चौकशीनंतर, २०१९ मध्ये, त्या नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ढकलण्याचे दांडे बसविण्याचे जाहीर केले. प्रशिक्षणाचे दोषही त्या चौकशीत निघाले, ते येथे विसरता कामा नये. पण दोन दांड्यांपैकी एक पुढे आणि एक मागे आहे हे अंधारातही हाताला कळले असते.

इतके बोलल्यावर मी काचेचा वैरी आहे असा समज होईल. तो बरोबर नाही. चाळीस इंडिकेटरांच्या जुन्या पॅनेलवर निम्मे दिवे जळालेले असत आणि यंत्र का थांबले हे शोधण्यात जॉबरची अर्धी पाळी जाई. आज पडदा सांगतो, की पहाटे अमुक वाजता अमुक दरवाजाचा लिमिट स्विच उघडला म्हणून यंत्र थांबले. आणि रात्रपाळीने काय केले व दिवसपाळीने काय केले याविषयीचा जुनाट तंटा त्याच्या नोंदवहीने मिटतो. रंगाच्या कृती, तापमानाच्या पायऱ्या, टॉवेलच्या फासांचे माप, हे सारे त्याच्या दप्तरात निर्वेध राहते. सूचना मात्र कामगाराच्या भाषेत हव्यात, आणि आमच्या गावी त्या भाषा मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा आहेत. कित्येक पडद्यांना देवनागरीची जोडणी येत नाही; ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरे पाय मोडून पडतात. अशा वेळी मी मजकूर संगणकावर नीट लिहून त्याचे चित्रच पडद्यात घालतो. काम किचकट आहे, आणि नंतर एक अक्षर बदलायचे तर सारे चित्र बदलावे लागते. म्हणून विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर नमुन्याच्या पडद्यावर 'निष्क्रिय' आणि 'सर्व्हिस' हे दोन शब्द टंकून पाहावेत अशी माझी शिफारस असते. बटणे बोटाएवढी मोठी आणि थोडी असावीत हे सांगायला नकोच. संकेतशब्दाची व्यवस्थाही करून ठेवतो, जरी तो कपाटाच्या दारावर मार्करने लिहिलेला मला पुढच्या भेटीत आढळतो.

राहता राहिला दस्तऐवजांचा मामला, ज्याकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. पडदा फुटला तर नवा मिळेल, पण त्यातला प्रोग्रॅम कोणाच्या ताब्यात आहे? परगावच्या एका पुरवठादाराने फाइल कुलूपबंद करून स्वतःकडे ठेवली आणि पुढे धंदाच गुंडाळला, तेव्हा एक धडधाकट यंत्र मला नव्याने तारा ओढून, नव्याने प्रोग्रॅम लिहून सुरू करावे लागले. म्हणून ऑर्डर देतानाच पडद्याची व पीएलसीची खुली फाइल, भोकाचे नेमके माप (कारण सात इंचांचे दोन कंपन्यांचे पडदे एकाच भोकात बसतीलच असे नाही) आणि तारांचा नकाशा मिळण्याचे कलम लेखी घालून घ्यावे. मी स्वतः या साऱ्याचा पेनड्राइव्ह आणि कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवून येतो. त्या खिशात कामगार तंबाखूच्या पुड्या ठेवतात आणि जागा अपुरी पडली तर कागद बाहेर काढतात, हे ठाऊक असल्यामुळे दुसरी प्रत मालकाच्या दप्तरात सहीनिशी पोच घेऊन देतो.