सांध्याचें अन्न

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण ओढतांना ज्यानें पाहिली नाहीं, त्यास माणसाचा गुडघा किती सोसतो याची कल्पना यावयाची नाहीं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, आणि मधल्या अरुंद पुळणीवर दोराच्या दोन्ही टोकांस मंडळी उभी. टाचा वाळूंत रुतवून, गुडघे किंचित् वांकवून तीं पाऊल पाऊल मागें सरतात, तेव्हां कोठें तें अवाढव्य जाळें कांठास लागतें. तें पाहून लहानपणीं मला वाटे, कीं हाड म्हणजे दगडच. एकदां घडलें, तें घडलें.

वस्तुतः हाड जिवंत असतें. बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं ग्रंथ लिहून दाखविलें, कीं हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचें हाड दुसऱ्या हातापेक्षां जाड असतें. उलट, अंतराळांत महिनोगणती भारावांचून राहणाऱ्या वीरांच्या खुब्याचें हाड दरमहा शेंकडा एकाहून अधिक झिजतें, असें आढळलें आहे.

सांध्याची गोष्ट तर याहून नवलाची. हाडांच्या टोंकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यांत रक्तवाहिन्याच नाहींत. मग ती जगते कशावर? सांध्यांतील वंगणासारख्या द्रवावर. आपण चालतों तेव्हां कूर्चा दबते आणि सुटते, व ओल्या स्पंजाप्रमाणें हा द्रव तींतून आंतबाहेर करितो. हालचाल हेंच तिचें अन्न!

आमची आजी विहिरीपाशीं घसरून पडली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली. सगळ्या वाडीचें एकच म्हणणें, "तिका हालवू नकात." पण दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांनीं तिला धरून उभें केलें. आजी कळवळली, वडिलांस तर तें निर्दयपणाचें वाटलें, व त्यांनीं तसें बोलूनही दाखविलें. डॉक्टर शांतपणें म्हणाले, कीं या वयांत अंथरुणाला खिळलेल्या माणसास छातीचा विकार होतो, पायांच्या शिरांत रक्त गोठतें, पाठीस जखमा पडतात. मोडलेल्या हाडापेक्षां हीं संकटें अधिक घातक. वडील गप्प झाले. सहा आठवड्यांनीं आजी काठी टेकीत परसांत गेली आणि तुळशीला पाणी घालून आली.

परंतु कूर्चा एकदां पुरती झिजली, कीं मुळासारखी पुन्हां उगवत नाहीं. वय, जुनी दुखापत, स्थूलपणा, वर्षानुवर्षांचे अतिश्रम, कारणें अनेक आहेत. अशा वेळीं कृत्रिम सांधा बसवावा लागतो. इंग्लंडांत जॉन चार्नले यांनीं प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती लवकरच झिजली, आणि रुग्णांवर पुन्हां शस्त्रक्रिया करणें भाग पडलें. त्यांनीं धीर सोडिला नाहीं. नव्या पदार्थाचे तुकडे त्यांनीं स्वतःच्या मांडींत ठेवून पाहिले, आणि १९६२ पासून पॉलिथिलीनची वाटी बसविण्यास आरंभ केला.

गुडघ्याच्या बाबतींत आपली अडचण निराळी. आपण पाटावर मांडी घालतों, चुलीपुढें उकिडवे बसतों. खुर्चीवर बसणाऱ्यांकरितां घडविलेला सांधा आपल्यास कसा पुरावा? पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनीं, ज्यांस २०१२ सालीं पद्मविभूषण मिळालें, भारतीय गुडघ्याचा विचार करून 'इंडस' नांवाचा सांधा तयार केला, व तो परदेशी सांध्यांहून स्वस्त असावा हेंही पाहिलें. त्या सांध्यास स्वतः कांहीं अन्न लागत नाहीं. त्याला धरून ठेवणाऱ्या मांडीच्या स्नायूंस मात्र लागतें. म्हणून गुडघा बदललेल्या रुग्णासही बहुधा त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं उभें करितात.