पेल्यांची साथसंगत

जॅझ ऐकणाऱ्या माणसाला आमच्या नातेवाइकांत फारशी पत नाही. भीमसेन ऐकतो म्हटलं की माणूस रसिक ठरतो, किशोरकुमार ऐकतो म्हटलं की रंगेल ठरतो, आणि जॅझ ऐकतो म्हटलं की, "अजून आहे का रे तुझं ते?" अशी, जुन्या खोकल्याची करावी तशी चौकशी होते. त्यात मी ज्या रेकॉर्डवर जीव टाकतो ती धड ऐकूही येत नाही, असं आमच्या घरातलं मत. कारण तिच्यात लोक बोलतात, पेले किणकिणतात, मध्येच कुणी हसतं. पहिल्यांदा ती लावली तेव्हा सौ. स्वयंपाकघरात जाऊन काय पडलं ते पाहून आली.

"मांजर नाहीये," तिनं बाहेर येऊन जाहीर केलं.

"अगं, ते न्यूयॉर्कला वाजलं."

"काय?"

"पेला. १९६१ साली."

यावर बायकोनं नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहायचं असतं त्या नजरेनं तिनं पाहिलं आणि ती कणीक तिंबायला निघून गेली.

तर तो पेला वाजला तो दिवस २५ जून १९६१, वार रविवार. जागा 'व्हिलेज व्हॅनगार्ड'. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातलं हे एक तळघर. जिना उतरून खाली जायचं, टेबलाशी बसायचं, काहीतरी प्यायला मागवायचं आणि जॅझ ऐकायचं. सव्वाशे माणसं आली की जागा भरली. पियानोवर बिल एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन, अशा पाच बैठका त्या एका दिवसात झाल्या. रिव्हरसाइड कंपनीनं सगळ्या ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांतून दोन रेकॉर्डी काढल्या. एक 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', दुसरी 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. ही डेबी म्हणजे एव्हान्सची पुतणी. आमच्याकडे काका पुतणीला फार तर फ्रॉकचं कापड घेतो. या काकानं वॉल्ट्झ लिहिला.

हा वॉल्ट्झ सुरू होतो तीन मात्रांत, अगदी शहाण्या मुलीसारखा. मग तुम्ही मांडीवर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन धरून बसलेले असताना तो चारात जातो. कधी गेला ते कळत नाही. बोटं आपली तिनातच राहतात आणि आपण वेडे दिसतो. आमच्या तबल्याच्या मास्तरांनी असं काही मला करू दिलं नसतं.

पण खरी गंमत लाफारोची. बास म्हणजे माणसाहून उंच, कपाटाएवढं वाद्य. त्याचं काम साधारणपणे आपल्या ठेक्यासारखं. पियानोवाल्यानं वाटेल तिकडे हिंडून यावं, बासवाल्यानं घर धरून बसावं. हा पंचविशीचा पोरगा घर धरून बसत नाही. पियानोनं एक वाक्य टाकलं की हा खालून त्याला उत्तर देतो, कधी वाक्य पुरं व्हायच्या आतच देतो, आणि पियानोवाला रागवायचा सोडून त्यावर पुढचं बोलतो. मोशन दोघांच्यामध्ये ड्रमवर तारांचे कुंचे फिरवत असतो. शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ पाखडावेत तसा. पुढारी कोण, साथीदार कोण, हे ठरवायला गेलात तर हाती काही लागत नाही. घरात तीन माणसांनी एकाच वेळी बोलावं आणि तिघांनाही एकमेकांचं ऐकू यावं, हे मी तरी फक्त या रेकॉर्डवर ऐकलंय.

आणि हे चाललेलं असताना समोरची मंडळी काय करताहेत? गप्पा मारताहेत! आपल्याकडे लग्नात सनईवाला कोपऱ्यात बसून जीव ओतून यमन वाजवत असतो आणि त्याच्या पुढ्यात आहेराच्या पाकिटावर नाव घातलं की नाही याची चर्चा चालू असते, त्यातलाच प्रकार. आमचे एक मित्र फार शुद्धतावादी आहेत. सोळा आण्यांचं संगीत, त्यात एक पै आवाज नको. त्यांचं म्हणणं, आता एवढी यंत्रं निघाली आहेत, हा गलका पुसून का टाकत नाहीत? मी म्हटलं, "पुसून काय राहील? एका रिकाम्या खोलीत तिघं वाजवताहेत!" मला तो गलका हवा आहे. एव्हान्स कधीच कुणाचं लक्ष वेधून घ्यायला वाजवत नाही. मान खाली, नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकलेलं. कुणी ऐकतंय की नाही याची फिकीर नसलेला माणूस किती हळू वाजवू शकतो, हे त्या गलक्यामुळंच कळतं. 'माय फूलिश हार्ट'मध्ये तर तो इतका हळू येतो की एखादा चमचा बशीवर टेकला तरी तो त्याच्याहून मोठा वाटावा.

हे मी त्यांना सांगत होतो तेव्हा सौ. चहा घेऊन आली. म्हणाली, "पण काय हो, कुणी शू करायचं नाही का त्या लोकांना?"

"कशाला करेल? रविवार दुपार. पुढच्या रविवारी परत येऊ म्हणाले असतील."

"मग आले?"

त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. एव्हान्सनं पुढं कित्येक महिने बैठकीत पियानो वाजवला नाही. पहिली रेकॉर्ड निघाली ती या मुलाची म्हणूनच. त्याचं वादन जिथं उठून दिसतं ते तुकडे निवडून, सुरुवातीला त्याची एक रचना आणि शेवटी त्याची एक, अशी. शेवटची 'जेड व्हिजन्स'. रात्रीच्या अखेरच्या बैठकीत त्यांनी ती लागोपाठ दोनदा वाजवली होती.

चहा निवला. सौ.नं तो उचलून नेला नाही, तिथंच बसली. "परत लावा," म्हणाली. लावली. 'जेड व्हिजन्स' संपते तेव्हा टाळ्या वाजतात, पण बेताच्याच, हातात पेले असलेल्या माणसांच्या असाव्यात तशा. आम्ही दोघांनी त्या मोजायचा प्रयत्न केला. तिचे सात झाले, माझे नऊ.

त्यांच्यापैकी कुणीतरी आज नव्वदीत असेल. एखाद्या नातवाला पत्ता लागला असेल की आजी त्या दिवशी तिथं होती, आणि तो अगदी उरापोटी धावत आला असेल, आजी, सांग ना, कसा वाजवत होता तो बासवाला? आणि आजी बराच वेळ आठवून म्हणाली असेल, "जागा छान होती रे. जरा कोंदट होती."