दोन हात, एक पिशवी
टिळकवाडीहून बेळगाव स्टेशनपर्यंत सायकल, तिथून खानापूरपर्यंत रेल्वे, पुढे पुन्हा सायकल, हा माझा कॉलेजचा रस्ता. सायकल घडीची, २० इंची चाकांची. डब्यात दाराजवळच्या कोपऱ्यात मावते. प्रश्न होता सामानाचा.

आधी पाठीवर सॅक घेतली. खानापूरच्या पावसात रेनकोटच्या आत पाठ घामाने भिजायची. मग मागच्या कॅरिअरला दोन्हीकडे पिशव्या लावल्या. छोट्या सायकलीत मागचे चाक पायडलला जवळ, त्यामुळे टाच पिशवीवर आपटे. शिवाय घडी घालण्याआधी सगळे उतरवावे लागे. एकदा त्या गडबडीत उत्तरपत्रिकांची पिशवी फलाटावरच राहिली. भाजीवाल्या अक्कांनी "सर, निम्म चीला!" म्हणत ती खिडकीतून दिली, म्हणून चाळीस मुलांचे गुण वाचले.

तेव्हापासून एकच पिशवी, तीही पुढे. हँडलला नव्हे, सांगाड्याला बसवलेल्या अडकणीवर. हँडल वळले तरी पिशवी वळत नाही, आणि काढायला क्षणही लागत नाही. जाड पुस्तके कॉलेजातच ठेवतो.

पिशवीत किती मावते हे नंतर पाहावे. गाडीत चढताना एका हातात सायकल असते, सामानासाठी दुसरा एकच उरतो.