सदतीस सालाच्या आधीचे बाळू

पालवणकर बाळू हे नाव आमच्या घरात फार वर्षं एकाच कारणानं घेतलं जायचं. १९३७ सालच्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभा केलेला उमेदवार. हा माणूस क्रिकेट खेळायचा हेही वडील सांगायचे, पण तक्रारीच्या सुरात. खेळात एवढं नाव कमावलं आणि ऐन वेळी ते नाव कुणाच्या कामी लावलं, असा त्यांचा सवाल असे. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत त्याचं उत्तर कुणी शोधत नव्हतं. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या तीन तारखांवर आमचं वर्ष उभं असतं. त्या तारखांच्या माणसाविरुद्ध ज्यानं अर्ज भरला, त्याच्याविषयी अधिक जाणून काय करायचं?

मीही तसंच मानत आलो. आता मानत नाही. हे लिहून ठेवतो आहे, कारण माझीच माणसं मला याचं कारण विचारतात आणि समोरासमोर बोलताना शब्द अडतात.

सुरुवात पोरांनी केली. आमच्याकडे हरभरा निघाला की पडीक वावरात खेळपट्टी तयार होते आणि जयंतीच्या आसपास टेनिस बॉलचे सामने होतात. बाळूंची माहिती पोरांच्या मोबाइलवर फिरत होतीच. एका वर्षी त्यांनी ठरवलं की यंदाच्या चषकाला पालवणकर बाळूंचं नाव द्यायचं. विहारातल्या बैठकीत वस्ती सरळ दोन भागांत वाटली गेली. एक वडीलधारे ताडकन उठले. "ज्यानं बाबासाहेबाच्या इरोधात फारम भरला, त्याच्या नावाचा कप अन् तोबी जयंतीत? जमणार नाही." एका पोरानं त्यांना विचारलं, "काका, त्याच्या हातचा चेंडू चालत होता अन् हातचं पाणी चालत नव्हतं, हे तुमी आमाले कधी सांगतलं काय?" बैठक तशीच उठली. मी काकांच्या बाजूनं होतो. शिक्षक असल्यामुळे पुढच्या बैठकीत पोरांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. पोरांचं म्हणणं खोडायला चार पक्के मुद्दे हवे होते, म्हणून वाचायला बसलो.

वाचायला मुख्यतः रामचंद्र गुहा यांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हाती आलं. भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात बाळूंना त्यांची जागा या पुस्तकानं परत मिळवून दिली. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं होतं, हेही मला तिथेच कळलं. आपल्या भाषेत, आपल्या माणसानं लिहिलेलं हे पुस्तक असल्याचा पत्ता मला इंग्रजी पुस्तकातून लागावा, याचं अजून वाईट वाटतं.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा, चांभार कुटुंबातला. वडील फौजेत नोकरीला, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदानाची झाडलोट आणि रोलर ओढणं, मग गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर जाळी बांधणं, खेळपट्टी दाबणं, रेषा आखणं. साहेबांना सरावाला गोलंदाज हवा असे म्हणून त्यांच्या हातात चेंडू आला. कॅप्टन ग्रेग नावाचा त्या काळचा नाणावलेला फलंदाज तासन् तास त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करायचा. तो बाद झाला की बाळूंना आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्या क्लबात बाळूंना एकदाही हातात धरू दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम गाळून चेंडू टाकायचं काम नोकरानं.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं आणि साहेबांना कोण बाद करतो हे सगळं गाव पाहत होतं. म्हणून बाळूंना संघात घेतलं. ब्राह्मण खेळाडू त्यांच्या हातून चेंडू घेत, त्यांच्या चेंडूवर झेल घेत, बळी मिळाला की आनंदानं ओरडत. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून पीत आणि बाळू बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून. जेवायला वेगळी पंगत, वेगळं ताट. तोंड धुवायचं असेल तर कुणा अस्पृश्य नोकरानं कोपऱ्यात पाणी ओतायचं. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात दांडा तुटलेली वेगळी कपबशी मिळायची आणि ती स्वतःच विसळून वळचणीला ठेवावी लागायची, हे मी घरात ऐकलं आहे. आजोबा मजुरी करायचे. मजुराचा अपमान होतो, हे मी गृहीत धरून वाढलो होतो. ज्याच्या जिवावर संघ जिंकतो आणि ज्याचं नाव वर्तमानपत्रात छापून येतं, त्यालाही तेच भांडं मिळत होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. प्रसिद्धी मिळाली की जात सुटते, असं मी मनात कुठेतरी धरून बसलो होतो. बाळूंचा म्हणूनच राग यायचा. ते सुटले आणि मागच्यांना विसरले, असं वाटायचं. पण ते सुटलेच नव्हते.

पुढे प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईला गेलं, तिथे हिंदू जिमखान्यानं त्यांना घेतलं आणि रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा जल्लोष देशभर झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पस्तिशीतला माणूस, दुखऱ्या हातानं, परक्या हवेत.

या ठिकाणी माझा युक्तिवाद कोसळला. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं बाळूंचा सत्कार केला. गुहा लिहितात की त्या समारंभातलं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केलं होतं. वीस वर्षांचा, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा विद्यार्थी. अमेरिका अजून दोन वर्षं दूर होती, महाड सोळा वर्षं. आपल्या लोकांपैकी एकानं जगासमोर काहीतरी करून दाखवलं, हा अभिमान त्या तरुणानं शब्दांत मांडला आणि तो बाळूंविषयी होता. आमच्या वस्तीतल्या ज्या पोरांवर मी चिडलो होतो, ती पोरं १९११ च्या भीमरावांनी केलं तेच करू पाहत होती.

मग पुढचं वाचताना नजर बदलली. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. वर्षानुवर्षं ते एम. डी. पै यांच्याकडे राहिलं. १९२० साली पै आजारी पडले, तेव्हा जिमखान्यानं विठ्ठलना डावलून दि. ब. देवधरांना पुढे केलं आणि बाळूंना संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी संघातून अंग काढून घेतलं आणि का काढलं ते जाहीर लिहून कळवलं. मुंबईत गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत पत्रं आली, लोकांनी बाजू घेतल्या. अखेर पै परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघ बाळूंच्या हाती आला. तेवढंच. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू जिंकले. तोवर बाळूंचे खेळायचे दिवस सरले होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी पंधराच्या जरा वर. हे आकडे मी आता वर्गात फळ्यावर लिहितो.

आता १९३२. गांधीजींचं येरवड्यात उपोषण सुरू होतं. स्वतंत्र मतदारसंघ सोडा, असा दबाव बाबासाहेबांवर सगळ्या देशातून येत होता. त्या वाटाघाटींत बाळू एम. सी. राजा यांच्यासोबत संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूंचीही आहे. एकानं ती नाइलाजानं केली, दुसऱ्यानं पटून. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला उघड विरोध केला. १९३७ मध्ये काँग्रेसनं त्यांना बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक. चांभार आणि महार अशी फूट पडावी हा हिशेब त्या उमेदवारीमागे होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

पण बाळूंचा स्वतःचा हिशेब काय असेल, हा प्रश्न मी पूर्वी कधी विचारलाच नव्हता. ज्या माणसानं मातीच्या भांड्यापासून उपकर्णधारपदापर्यंतचा रस्ता सवर्णांच्या सोबत खेळूनच तुडवला, आपला सख्खा भाऊ ब्राह्मण खेळाडूंचा कर्णधार झालेला पाहिला, त्याला आतूनच दार ढकलत राहावं असं वाटलं असणार. त्याच्या आयुष्यात ते दार खरोखर वीतभर उघडलं होतं. बाबासाहेबांनी महाडला पाण्यासाठी डोकी फुटताना पाहिली, बडोद्याला राहायला जागा मिळू नये याचा अनुभव घेतला. वीतभर उघडलेल्या दारातून एखादा गुणी माणूस आत जाईल आणि कोट्यवधी बाहेरच राहतील, हे त्यांना दिसत होतं. बाबासाहेबांचं म्हणणं बरोबर होतं. १९३७ साली मुंबईच्या त्या वॉर्डात मी मतदार असतो तर माझं मत त्यांनाच पडलं असतं. यात माझ्या मनात काडीचाही बदल झालेला नाही.

बदललं ते एवढंच की, ते मत देण्यासाठी बाळूंची कीर्ती पुसायची गरज मला आता वाटत नाही. ती कीर्ती काँग्रेसनं दिलेली नव्हती आणि तिच्या मतपेटीसोबत संपलेलीही नाही. ती त्यांनी रोलर ओढून आणि दुखरा हात फिरवून मिळवली होती, तीही आमच्यापैकी कुणाला मैदानात उभं राहायची मुभा नसताना. आमच्या माणसानं मिळवलेलं ते पहिलं मोठं यश आम्ही सोडून दिलं, तर ते उचलायला दुसरे टपलेले आहेतच. अलीकडे बाळूंचं गुणगान करणारे काही लेख वाचतो तेव्हा माझा संताप होतो. खेळानं जात कशी मिटवली याची गोड गोष्ट त्यात असते. मातीचं भांडं एका ओळीत उरकलेलं असतं आणि कर्णधारपद का मिळालं नाही याचा उल्लेखच नसतो. बाळूंना बाबासाहेबांपेक्षा समंजस ठरवण्यासाठी वापरणारेही भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, समंजस माणसाला तुम्ही कर्णधार का केलं नाही?

दुसऱ्या बैठकीत मी काकांच्या बाजूनं बोलायचं होतं. मी मानपत्राची गोष्ट सांगितली. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भीमरावानं लिहिलं होतं म्हणतोस?" त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. वस्ती अजूनही एका सुरात बोलत नाही. दोन घरांनी त्या सामन्यांची वर्गणी दिली नाही, आणि त्यांच्याविषयी मनात कडवटपणा ठेवावा असं मला वाटत नाही. बाबासाहेबांवर कुणीही चाल करून येऊ नये हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं, त्यांचा संशय हा आमच्या टिकून राहण्याचाच एक भाग आहे.

काकांनी एक अट घातली आणि ती मला सर्वांत योग्य वाटली. चषकाला नाव द्यायचं असेल तर फलकावर बाळूंविषयी जे लिहाल ते पूर्ण लिहा. १९११ चे ११४ बळी लिहा, मातीचं भांडं लिहा आणि १९३७ पण लिहा, दोघांच्या मतांच्या आकड्यांसकट. मजकूर मी तयार केला आणि काकांना वाचून दाखवला. त्यांनी त्यात एका ठिकाणी दुरुस्ती सुचवली. मी 'बाळू' लिहिलं होतं, त्यांनी 'बाळूजी' करायला सांगितलं.