मधली वर्षं

प्रिय बाळ,

तुझं पत्र मावशीने तीनदा वाचलं. तुला मठातून दोन वर्षांनी परत पाठवलं, याचं दुःख आहेच. पण तिचा जीव हलला तो शेवटच्या ओळीने. "देवानेच दार लावलं, आता भरवसा कशावर ठेवू, संत गोन्सालोचं धैर्य माझ्यात नाही." असं कसं लिहिलंस गं? ज्याचं नाव घेऊन तू खचलीस, त्याच्याही तोंडावर दार लागलं होतं.

आठवतं, वसईच्या किल्ल्यात छप्पर उडालेल्या त्या चर्चपाशी तुझी चप्पल चिखलात रुतली होती? मावशीचं बोट धरून तू विचारलं होतंस, "त्याचं घर कुठलं?" घर काही सापडलं नाही, पण तो जन्मला याच वसईत, सुमारे १५५७ मध्ये. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. भाषा शिकला, लोकांना धर्मशिक्षण देऊ लागला. आपल्याला येशूसंघात घ्यावं म्हणून त्याने पुन्हा पुन्हा विनवलं. घेतलं नाही. एकदा नव्हे, अनेकदा नाही म्हणाले.

मग हा संत काय करत होता? व्यापार! माल घेत होता, विकत होता, जहाजाने इकडून तिकडे जात होता. मावशीचं हेच म्हणणं आहे आणि ती ते कुणालाही सांगते: प्रवचनात त्याचं क्रुसावरचं मरण ऐकायला मिळतं, ही मधली वर्षं कुणी सांगत नाही. मुलांना वाटतं, संत म्हणजे जन्मतःच निडर. माणूस नाकारला जातो, पोटापाण्याच्या मागे लागतो आणि तरी त्याची प्रार्थना सुटत नाही, भरवसा तिथे मुरतो. गोन्सालोच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, गासचं चर्च त्याच्या नावाचं आहे. तिथल्या प्रत्येक नापास झालेल्या मुलाला ही व्यापाराची वर्षं सांगायला हवीत. तुलाही आधीच सांगायला हवी होती. मावशीकडून राहून गेलं.

पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला घेतलं. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो जपानला परतला. सत्ताधीश हिदेयोशीसमोर दुभाषा म्हणून उभा राहिला तो हाच, नाकारलेला. त्या नकाराआधी शिकलेली जपानी भाषाच इथे कामी आली. क्योटोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं उभारली, तीही याच काळात.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटलं. त्यावरून संशय पेटला आणि ख्रिस्ती लोकांची, गोन्सालोचीही, धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांचे डावे कान कापले आणि भर थंडीत त्यांना नागासाकीकडे चालवलं. निघाले चोवीस, पोचले सव्वीस. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही धरलं. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर हातापायांना आणि गळ्याला लोखंडी कड्या घालून त्यांना क्रुसांवर जखडलं. मग भाले. त्यांतला लुई इबाराकी बारा वर्षांचा होता. धर्म सोड, वाचवतो, असं अधिकारी म्हणाला; पोराने ऐकलं नाही. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा. १८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी या सगळ्यांना संत घोषित केलं.

त्यात एक थॉमस कोझाकी होता, चौदा वर्षांचा. बाप मिगेलही त्याच रांगेत. वाटेत त्याने आईला पत्र लिहिलं: आमची काळजी करू नकोस, मरताना धर्मगुरू मिळाला नाही तर मनापासून पश्चात्ताप कर, धाकट्या भावांना सांभाळ. ते पत्र पुढे बापाच्या अंगावर सापडलं, रक्ताने भरलेलं. इथे आलं की मावशीचे डोळे भरतातच. स्वतः मरायला निघालेलं पोर, आणि घोर आईचा.

म्हणून आता रागावते. तुझ्या आईला तू अजून कळवलं नाहीस, हे पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंस! ती रोज रोझरीत तुझं नाव घेते. जेवतेस ना नीट? त्या खोलीत एकटीच आहेस का? मिस्साला जायचं मन होत नसेल तर जाऊ नकोस दोन दिवस, मावशी तुझ्यासाठी बसेल. पण दार लावून बसू नकोस.

मावशी आईला काही सांगणार नाही, ते तुझ्याच तोंडून तिला कळू दे. आजच फोन कर. आणि शनिवारी वसई रोडला उतरलीस की रिक्षा करू नकोस. मावशी स्टेशनवर येते आहे.

तुझी,
मावशी