खेळाला धर्म म्हणावे काय?

क्रिकेट हा या देशाचा धर्म आहे, असे लोक सहज बोलून जातात. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा आमच्या कंधारच्या वस्तीत एका टीव्हीपुढे तीन घरची माणसे बसली होती. कोहली बाद झाला आणि षटक म्हणजे काय हे आजही ठाऊक नसलेल्या शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. एक तरुण तर दोन तास जागचा हलला नाही. आपण उठलो की विकेट पडते, ही त्याची श्रद्धा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला हा मुलगा!

देव, नवस, सोवळे-ओवळे यालाच धर्म म्हणायचे असेल तर क्रिकेट हा धर्म झालाच आहे. खेळाडूलाही देव म्हणतातच. परंतु बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धर्म आणि धम्म वेगळे करून दाखविले आहेत. धर्माच्या मध्यभागी देव आणि आत्मा, तर धम्माच्या मध्यभागी माणूस आणि त्याचे दुसऱ्या माणसाशी असलेले वागणे. आम्हाला वाटते, खेळही याच मापाने मोजावा.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे त्यांना महिना तीन रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपये झाले. तिथे गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात तयार झाला. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना घेतले. मैदानात चेंडू या हातातून त्या हातात जाई, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र मंडळी आत आणि बाळू बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा घेत. जेवणही वेगळे.

मुंबईत तर संघच धर्मावर पाडलेले होते. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि 1937 पासून 'इतर'. अशी ती स्पर्धा 1946 पर्यंत चालली. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते 1923 साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. हेच बाळू 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. ती गोष्ट वेगळी. त्याने त्यांचे बळी कमी होत नाहीत.

क्रिकेटमध्ये निदान अंतर राखून खेळता येते. कुस्तीत अंगाला अंग लावल्याशिवाय भागत नाही. शेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते, ती पाहायला आमच्याकडची माणसे हौसेने जातात. पण आमच्या लहानपणी एका खेड्याच्या जत्रेत आमच्या आळीच्या पोराला पंचांनी, "जोड नाही," म्हणून परत पाठविले. जोड होती. समोरच लंगोट कसून बसली होती.

कबड्डीचेही तसेच आहे. शिवल्याशिवाय गडी बाद होत नाही. म्हणूनच भीमजयंतीला वस्तीत कबड्डीचे सामने ठेवावेत, असा आमचा आग्रह असतो. मागच्या जयंतीला दुसऱ्या गल्लीचा संघ खेळायला आला. पोरे एकमेकांच्या कमरेला धरून धुळीत लोळली, भांडली, हसली. सामना संपल्यावर आमच्या रांजणाशी कोण येते, याकडे आमचे लक्ष गेलेच. दोघे आले आणि ओंजळ न करता आमच्याच तांब्याने पाणी प्याले. तिघे म्हणाले, "आम्ही घरून बाटल्या आणल्यात." एप्रिलच्या उन्हात त्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या.